ऊन नसलेलं ऊन

माझी पहिली मोठी फसगत झाली ती जानेवारीतल्या एका सकाळी. त्याआधीचे दोन महिने आकाश ओल्या राखेच्या रंगाचं होतं आणि दुपारी साडेतीनलाच रस्त्यावरचे दिवे लागत होते. त्या दिवशी पडदा सरकवला तर बाहेर सगळं लख्ख. निळंशार आकाश, एक ढग नाही, समोरच्या छपरांवरच्या बर्फावर डोळे दिपवणारं ऊन. मला वाटलं, चला, सुटलो एकदाचे. स्वेटर घातला, वर एक पातळ जाकीट अडकवलं. टोपी नाही, हातमोजे नाहीत, केस नुकतेच धुतलेले आणि अर्धवट ओले. अशा थाटात मी खाली उतरले.

पहिला श्वास आत घेतला आणि नाकात काहीतरी चिकटल्यासारखं झालं. सोडला, सुटलं. परत घेतला, परत चिकटलं. नाकातले केस गोठत होते, हे मला पुढे दोन दिवसांनी कुणीतरी सांगितलं तेव्हा कळलं. पन्नास पावलं गेले असेन, तेवढ्यात केसांची एक बट गालावर आपटली. ती बट राहिलीच नव्हती, काडी झाली होती. हाताने वाकवून पाहिली तर करकर आवाज आला. चष्म्याच्या धातूच्या दांड्या कानामागे सुरी टेकवल्यासारख्या लागायला लागल्या. मी मागे फिरले. इमारतीचं दार उघडायला लोखंडी मुठीला ओलसर हात लावला आणि हात तिथेच चिकटला. ओढून काढला तेव्हा तळव्याच्या कातड्याचा पापुद्रा मुठीवर राहिला.

त्या सकाळी तापमान उणे १९ होतं. आदल्या दिवशी, ढग दाटून आले होते आणि दिवसभर भुरभुर बर्फ पडत होता, तेव्हा होतं उणे २.

हे गणित पुढे समजलं. हिवाळ्यात ढग पांघरुणाचं काम करतात. जमिनीतून बाहेर पडणारी उष्णता ते अडवून धरतात, आणि भरपूर बर्फ पडतो तो बहुतेकदा तापमान शून्याच्या आसपास असतानाच. आकाश निरभ्र झालं की रात्रभर जमिनीची उष्णता सरळ अवकाशात निघून जाते. म्हणजे बर्फ पडणारा दिवस त्यातल्या त्यात उबदार, आणि ऊन पडलेला दिवस जीवघेणा. मी बरोबर उलटं धरून चालले होते. चित्रातला बर्फ पाहून ज्यांनी थंडीची कल्पना केली आहे, ते सगळे असंच धरून चालतात.

त्याच दुपारी आईचा व्हिडिओ कॉल आला. माझ्या पाठीमागची खिडकी तिला दिसत होती.

“अगं, किती छान ऊन पडलंय तुमच्याकडे! मग घरात काय बसलीयेस?”

“आई, उणे एकोणीस आहे.”

“असेल. पण ऊन आहे ना? जा, जरा अंगावर घेऊन ये.”

मी हाताला लावलेली पट्टी कॅमेऱ्याच्या खाली ठेवली आणि बरं म्हटलं. आईचं काहीच चुकत नव्हतं. ती मराठीत बोलत होती, आणि मराठीत ऊन म्हणजे सूर्याचा प्रकाशही आणि ऊन म्हणजे गरमही. आंघोळीचं पाणी ऊन असतं. तापलेल्या पोराच्या कपाळाला हात लावला तर कपाळ ऊन लागतं. संस्कृतातला ‘उष्ण’ झिजत झिजत आपल्यापर्यंत आला तो हा शब्द. ज्यांनी तो वापरून वापरून गुळगुळीत केला त्यांना प्रकाश आणि उष्णता यांना वेगवेगळी नावं द्यायची कधी गरजच पडली नसणार. मला त्या दिवशी पहिल्यांदा पडली. माझ्या खिडकीत ऊन होतं, पण ते ऊन नव्हतं. हे वाक्य मराठीत लिहिलं की वेड्यासारखं दिसतं, आणि इथल्या भाषेत ते लिहायची वेळच येत नाही.

या गोष्टीचा मला इतका राग आला की मी कारण शोधत बसले. साठ अंश अक्षांशावर, डिसेंबरच्या २१-२२ तारखेला, भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेसहा अंश वर येतो. हात लांब करून मूठ धरली तर मुठीची रुंदी सुमारे दहा अंश भरते, म्हणजे सूर्याची उडी एका मुठीइतकीही नाही. इतक्या तिरप्या कोनात वीतभर रुंदीचा झोत जमिनीवर जवळजवळ नऊ विती पसरतो, शिवाय त्याला हवेचा कितीतरी जाड थर ओलांडून यावं लागतं. जमिनीपर्यंत जे पोचतं त्यात उजेड असतो, धग नसते. भर दुपारी माझी सावली माझ्या नऊपट लांब पडते. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामध्ये वाढलेल्या माणसाला वर्षातून दोनदा शून्य सावली मिळते, दुपारी सावली पायाखाली गडप होते. लहानपणी आम्ही ती पायाखाली तुडवायचा खेळ खेळायचो. इथे माझी सावली रस्ता ओलांडून समोरच्या भिंतीवर चढते आणि मी अजून अलीकडेच असते.

आणि यातला वात्रटपणा असा की पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. जुलैपेक्षा सुमारे ५० लाख किलोमीटर जवळ. ताप नसलेला सूर्य ही आपल्याकडे प्रार्थनेत मागायची गोष्ट. मला तो दर जानेवारीत न मागता मिळतो.

थंडीची सवय होते का, असं पुष्कळ जण विचारतात. होते. पण आधी तिची ओळख पटावी लागते. मी आले त्या पहिल्याच आठवड्यात बसची वाट पाहत उभी असताना अंगात हुडहुडी भरली, दात वाजायला लागले, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की मला ताप येतोय. घरी जाऊन थर्मामीटर लावला. ३६.६. पुन्हा लावला. तेवढाच. मी चक्क गोळी घेऊन झोपले. गरम हवेत वाढलेलं अंग आजारपणाशिवाय फारसं कधी थरथरलेलं नसतं. मलेरियाला आपण हिवताप म्हणतो, हीव आणि ताप एका शब्दात बांधून टाकतो. ‘थंडी वाजून आली’ असं कुणी म्हटलं तर ऐकणारा गोधडी आणतो आणि डॉक्टरांना फोन लावतो. खिडकी बंद करायला कुणी उठत नाही. नुसती हवा गार आहे आणि म्हणून मी थरथरतेय, यात मला काही झालेलं नाही, हे पटायला मला बरेच दिवस लागले. एका अर्थी दोन्हीकडे काम एकच असतं. अंगाचं तापमान असायला हवं त्यापेक्षा कमी आहे असं मेंदूला वाटतं आणि तो स्नायूंना जुंपतो. तापात मेंदूने ती पातळी वर नेऊन ठेवलेली असते, एवढाच फरक.

शरीर मोठं हिशेबी असतं. गारठा वाढला की ते आधी हातापायांच्या बोटांचा रक्तपुरवठा आखडतं आणि ऊब पोटाछातीकडे ठेवतं. बोटं गेली तरी चालतील, काळीज वाचलं पाहिजे, असा व्यवहार. पण त्यातही एक पळवाट आहे. टॉमस लुईस नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने १९३० मध्ये नोंदवलं की बोटं बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवली तर काही मिनिटांनी त्यांच्यातल्या रक्तवाहिन्या आपणहून उघडतात, बोटं थोडी गरम होतात, मग पुन्हा आखडतात, पुन्हा उघडतात. लाटांसारखं. हे वाचल्यावर मी हातमोज्यात त्या लाटेची वाट पाहायला शिकले. बधिर झालेल्या बोटांच्या टोकांशी आधी एक ठुसठुस सुरू होते, मग सुया, मग आग. त्याला मुंग्या म्हणणं म्हणजे मुंग्यांची बदनामी आहे. पण आग झाली की बरं वाटतं, रक्त आलं.

२००९ मध्ये आणखी एक गोष्ट नक्की झाली. तोपर्यंत असं धरलं जायचं की अंगात उष्णता तयार करणारी ती तपकिरी चरबी तान्ह्या बाळांमध्ये असते आणि मोठेपणी जवळजवळ नाहीशी होते. ती मोठ्या माणसांतही असते, मानेपाशी आणि गळ्याच्या हाडांच्या वर, आणि थंडीत ती कामाला लागते, हे त्या वर्षी दिसून आलं. मी ते वाचलं आणि गळ्याशी हात लावून पाहिला. चरबीच्या बाबतीत इतकं कौतुक मला याआधी कधी वाटलं नव्हतं. माझ्यात ती कितीशी आहे देव जाणे, पण दुसऱ्या वर्षी हुडहुडी उशिरा भरायला लागली हे खरं. पहिल्या वर्षी शून्याला रडणारी मी दुसऱ्या वर्षी शून्याला ‘आज बरं आहे’ म्हणत होते.

कपड्यांचं मी लांबण लावत नाही. एक जाड घालण्यापेक्षा तीन पातळ घालावेत, अंगालगत सुती नको कारण सूत घाम धरून बसतं आणि गार पडतं, लोकर आपल्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश ओल पिऊन घेते तरी ओली लागत नाही, आणि बोटं वेगवेगळी असलेल्या हातमोज्यापेक्षा चारही बोटं एका खोळीत ठेवणारा मोजा जास्त ऊब देतो. हे सगळं कुणीही सांगतं. वेळाचं मात्र कुणी सांगत नाही. मी घरात होते तशी पायात चपला सरकवून ‘आलेच हं खाली जाऊन’ म्हणणारी बाई. इथे खाली जाऊन यायचं तर आठ मिनिटं कपडे चढवायचे, आणि शेवटचा बूट बांधून झाला की आठवतं, किल्ली आतल्या खोलीत आहे. आधीच्या आयुष्यात दार दिवसभर सताड उघडं असायचं, घर कुठे संपतं आणि अंगण कुठे सुरू होतं ते नक्की सांगता आलं नसतं. इथे एकामागे एक दोन दारं आहेत, मधे एक छोटी जागा, आणि एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. त्या मधल्या जागेत उभं राहून मी पहिल्या वर्षी कितीदा तरी ठरवलं आहे की जाऊ दे, उद्या बघू.

वाऱ्याबद्दल मात्र सांगायलाच हवं. फोनवर दोन आकडे दिसतात, एक तापमान आणि एक ‘जाणवतं’ म्हणून. मला हा दुसरा आकडा लाडाचा वाटायचा. मग कळलं की त्याच्यामागे अंटार्क्टिकातला एक अख्खा हिवाळा आहे. पॉल सायपल हा मुळात बालवीर म्हणून, विशीसुद्धा न ओलांडलेला, १९२८ मध्ये रिचर्ड बर्ड या अमेरिकन संशोधकाच्या मोहिमेबरोबर तिथे गेला होता. पुढे त्याने आणि चार्ल्स पॅसेलने तिथेच, बाहेर टांगलेल्या प्लॅस्टिकच्या नळकांड्यातलं पाणी वेगवेगळ्या वाऱ्यात गोठायला किती वेळ घेतं ते मोजलं आणि १९४५ मध्ये छापलं. आजचं सूत्र वेगळं आहे, २००१ मध्ये अमेरिका आणि कॅनडाने ते बदललं, पण कल्पना त्यांची. उणे १० ला ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या चेहऱ्याला ते उणे २० इतकं लागतं. गरम देशात वाऱ्याची झुळूक आली की आपण तोंड तिच्याकडे करतो. इथेही माझं तोंड बरेच दिवस आपोआप वाऱ्याकडे वळायचं. मानेच्या त्या एका हालचालीने मी परकी आहे हे रस्त्यावरच्या कुणालाही कळलं असतं.

घरात शिरलं की संपलं, असंही नाही. उणे २० च्या हवेत घनमीटरमागे जेमतेम एक ग्रॅम बाष्प मावतं. तीच हवा आत आणून २० अंशांपर्यंत तापवली तर तिला सतरा ग्रॅम पेलवले असते, पण पाणी आहे तेवढंच, एक ग्रॅम. मग ती उरलेलं कुठून तरी ओढून घेते. माझ्या टाचांतून घेतलं, ओठांतून घेतलं, एकदा नाकातून रक्त काढून घेतलं. लाकडी कपाटाला तडा गेला. दाराच्या कडीला हात लावला की ठिणगी. आता मी आधी किल्लीचं टोक कडीला टेकवते, ठिणगी किल्लीवर पडते, मग हात लावते. ही युक्ती मला कुणी शिकवली नाही, आणि तिचा मला उगीचच अभिमान आहे.

काळोखाचं वेगळं. थंडीला निदान अंगावर घालून उत्तर देता येतं. १९८४ मध्ये नॉर्मन रोझेन्थाल या मानसोपचारतज्ज्ञाने सहकाऱ्यांसह हिवाळ्यातल्या उदासीनतेचं पहिलं पद्धतशीर वर्णन केलं. हा माणूस जोहान्सबर्गचा, १९७६ मध्ये न्यूयॉर्कला गेला, आणि तिथल्या हिवाळ्यात स्वतःचाच उत्साह का आटतो हे त्याला कळेना. इथे जन्मलेल्यांना ते दिवस तसेच असतात म्हणून खपून जात असावेत. उन्हातून आलेल्या माणसालाच ते विचित्र वाटले, याचं मला मुळीच नवल वाटत नाही. त्याच्यानंतर आलेला उपाय म्हणजे सकाळी १०,००० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) दिव्यासमोर अर्धा तास बसणं. घरातला नेहमीचा दिवा तीनशे-पाचशे लक्सही देत नाही आणि भर उन्हाळ्यातलं बाहेरचं ऊन लाखाच्या घरात जातं, हे पाहिलं तर दहा हजार म्हणजे काही चैन नाही. मीही घेतला एक. त्याने माझं किती भलं झालं ते सांगता येणार नाही. त्याच्यासमोर बसायचं म्हणून मी वेळेवर उठायला लागले एवढं नक्की. हा दिवा भरपूर उजेड देतो आणि हाताला गार लागतो. म्हणजे परत तेच.

मग तिसऱ्या की चौथ्या वर्षी एका कार्डाची गोष्ट घडली. एका सहकाऱ्याचे वडील गेले. सगळ्यांनी मिळून एक कार्ड द्यायचं होतं, प्रत्येकाने एक ओळ लिहायची. माझ्या मनात जी ओळ आली ती अर्थातच मराठीत आली: त्यांची सावली तुमच्यावर कायम राहो. मी ती इथल्या भाषेत नीट मांडली, पेन टेकवलं, आणि वाचून पाहिली. त्या भाषेत सावली म्हणजे काळोख, संशय, पिच्छा न सोडणारं काहीतरी. वडील गेलेल्या माणसाला मी लिहिलं असतं की त्यांचा काळोख तुझ्यावर कायम राहो. ओळ खोडली, वर पांढरं लावलं, आणि ‘ऊब’ या अर्थाचा त्यांचा नेहमीचा शब्द लिहून मोकळी झाले. त्याने नंतर येऊन आभार मानले.

त्या दिवशी घरी जाताना मी आमचे शब्द मोजत होते. जीव गार झाला. डोळे निवले. काळजाला थंडावा. शीतल छाया, छत्रछाया, मायेची सावली. रागावलेल्याला आपण थंड घे म्हणतो. आपल्याला जे जे हवंसं वाटलं ते ते आपण गार करून ठेवलं आहे, आणि नकोसं होतं ते तापवून: जळफळाट, संताप, डोक्याला ताप, तळपायाची आग मस्तकात. उष्ण प्रदेशात राहणाऱ्यांची ही भाषा आहे, हे मला ती बोलताना पस्तीस वर्षं कळलं नव्हतं. इथल्या लोकांनी बरोबर उलटी मांडणी केली आहे. प्रेम गरम, स्वागत गरम, आणि ज्याच्याबद्दल वाईट बोलायचं तो माणूस थंड. अंगाने एका वर्षात जे जमवून घेतलं ते जिभेला अजून जमत नाही. मी अजूनही कुणाचं चांगलं चिंतते तेव्हा त्याला सावलीत नेऊन बसवते.

आपल्याकडे वडीलधारी माणसं म्हणतात, ‘तुझ्यापेक्षा चार उन्हाळे-पावसाळे जास्त पाहिलेत.’ माझे केस काही उन्हाने पांढरे झाले नाहीत, असंही म्हणतात. हिवाळ्याचा हिशेब कुणी धरत नाही. तो गुलाबी असतो, आला काय आणि गेला काय. सोसायचं ते उन्हाळ्यात आणि निभावायचं ते पावसाळ्यात, मधले महिने फुकटचे. आमच्या मजल्यावर एक आजी राहतात, त्यांना वय विचारलं तर त्या एका हिवाळ्याचं नाव घेतात: अमुक सालच्या मोठ्या थंडीत मी सात वर्षांची होते, कर आता हिशेब. मला पहिल्यांदा वाटलं त्या टाळतायत.

मार्चमध्ये पारा पाचावर गेला की या आजी खाली येतात. इमारतीच्या दक्षिणेकडच्या भिंतीला पाठ लावून, कोटाची वरची दोन बटणं सोडून, डोळे मिटून तोंड सूर्याकडे करून बसतात. एकट्या त्याच नाही, अख्खी गल्ली. कुणी बोलत नाही. पहिल्या वर्षी मला ते एखाद्या पंथाच्या उपासनेसारखं वाटलं आणि मी नजर चुकवून पुढे गेले. हल्ली मीही बसते. भिंत दगडी आहे, दुपारी दोनच्या सुमारास ती पाठीला हळूहळू ऊन लागायला लागते. रस्त्याने चालताना ज्या बाजूला ऊन असेल त्या बाजूने चालायचं, सावलीचा पट्टा आला की झपझप ओलांडायचा, हे कधी अंगवळणी पडलं ते कळलंही नाही.

ते कळलं मागच्या मे महिन्यात, आईकडे गेले तेव्हा. दुपारी साडेबाराला आम्ही दोघी काही कामासाठी पायी निघालो. रस्त्याच्या एका कडेला झाडं होती आणि झाडून सगळी माणसं त्या सावलीतून एकामागे एक चालली होती. दुसरी कड मोकळी, पांढरीफटक. त्या कडेने एकटी मी. आई पलीकडून बोलत होती आणि मला ऐकू येत नव्हतं, म्हणून ती रस्ता ओलांडून आली आणि तिने दंडाला धरलं.

“वेड लागलंय का तुला? सावलीतून चाल ना!”

तिने मला ओढत झाडाखाली नेलं. सावलीत पाऊल टाकलं आणि चेन वर ओढायला माझा हात आपोआप गळ्याशी गेला. अंगात सुती कुडता होता. आईने ते पाहिलं. तिला वाटलं उन्हाने घसा सुकला, आणि ती पिशवीत पाण्याची बाटली शोधायला लागली.